शेपूटगवताची वाट

१२ ऑक्टोबर

शेतात पीक पेरायचं, वाढवायचं, चांगलं कमरेएवढं झालं की आडवं पाडून मारायचं, आणि याला म्हणे शेती म्हणायचं. भोंग्याने आज हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि हे सगळं शुद्धीवर असताना करता का?"

भोंगा म्हणजे आमचा ट्रॅक्टरवाला. समोर उभ्या माणसाशीही तो दोन शेतांपलीकडे बोलावं तसा बोलतो, म्हणून हे नाव. नाव मी ठेवलं, त्याला आवडलं असावं.

त्याचं म्हणणं असं. गव्हाची कापणी झाली की जमीन उघडी पडते आणि उघड्या जमिनीवर शेपूटगवत बसतं. हे गवत कोवळं असताना गव्हासारखंच दिसतं, पुढे त्याला उंदराच्या शेपटीसारखं बारीक कणीस येतं, आणि एका हंगामात ते सगळं रान खातं. म्हणून कापणीनंतर लगेच ओट, मोहरी आणि घेवडा मिसळून पेरायचे. तिघं मिळून जमीन झाकतात, गवताला ऊन मिळू देत नाहीत. वसंतात त्यांना रोलरने लोळवायचं आणि त्या गादीतच गहू पेरायचा. नांगर लावायचा नाही, कारण नांगराने जुनं गाडलेलं बी वर येतं. पुस्तकात याला आच्छादन पीक म्हणतात. दादा नुसतं पांघरूण म्हणायचा.

दादा जूनमध्ये गेला. खालच्या शेतात, उभ्या गव्हातून शेपूटगवत उपटत असताना. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. गेल्या महिन्यात माझी इस्पितळातली मेट्रनकी संपली. एक निरोप समारंभ झाला, त्यात माझ्या कडक शिस्तीची सगळ्यांना फार आठवण येणार असल्याचं कळलं, आणि मी बॅग घेऊन इथे आले. वहिनींनी बोलावलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर

वहिनी जेवत नाहीत. वाढून घेतात, ताटात फिरवतात, झाकून ठेवतात. आयुष्यभर मी रुग्णांची ही चलाखी पकडली आहे. आज म्हटलं, "वहिनी, मला फसवायचं असेल तर निदान अन्न कुत्र्याला तरी घाला."

"भूक लागली की जेवेन, वन्सं."

"कधी लागणार आहे?"

त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालच्या शेताकडे बघत राहिल्या. त्यांची बहुतेक कामं हल्ली त्याच खिडकीपाशी असतात.

मी का आले हे मलाच नीट लिहून ठेवायला हवं. दादा बियाण्याचा गहू पिकवायचा. बियाणे संस्थेचा तपासनीस वसंतात, पेरणीआधी, शेत बघायला येतो. शेपूटगवत दिसलं की शेत बाद. बाद झालं की संस्थेचा करार संपला, आणि मग ही जमीन घरासकट पलीकडच्या कंपनीला खंडाने द्यावी लागेल. वहिनींना हे घर सोडावं लागेल. त्या या घराबाहेर आठवडाभरही जगतील असं मला वाटत नाही. हे मत वैद्यकीय आहे.

तेव्हा शेत स्वच्छ ठेवायचं. वॉर्ड स्वच्छ ठेवता येतो तर शेत का नाही?

३ नोव्हेंबर

सापडलं. खालच्या शेताच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात, मोहरीच्या सावलीत, शेपूटगवताचा झुबका. त्याच्यापुढे थोड्या अंतरावर दुसरा. पुढे तिसरा.

पेरणीच्या ओळी सरळ आहेत. हे झुबके तिरके चालले आहेत. चालले आहेत हाच शब्द योग्य आहे, कारण अंतर साधारण एका ढांगेचं आहे. माझ्या नाही, उंच माणसाच्या.

संशय सरळ मफलरवर. हा शेजारच्या मळ्याचा मालक, भर उन्हातही गळ्यात मफलर. त्याच्या बांधावर हे गवत माजलेलं आहे आणि त्याला आडवाटेने जायची सवय आहे. कुंपणापाशी गाठला.

"तुमच्या बुटांतून आमच्या शेतात बी येतंय."

"माझ्या बुटांचं नाही ते, ताई."

"मग काय उडत आलं? ओळीने?"

त्याने टोपी काढून हातात धरली आणि बांधावरून, सगळा वळसा घालून, घरी गेला. माझ्यासमोर टोपी काढण्याइतका सभ्य तो कधीपासून झाला, कोण जाणे.

४ नोव्हेंबर

फाटकापाशी पाण्याचं घमेलं आणि ब्रश ठेवला आहे. शेतात जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने बूट घासायचे. भोंगा म्हणाला, "ऑपरेशन थिएटर केलंत की, बाई!" म्हटलं, थिएटरात तुझ्यासारख्याला दारातसुद्धा उभं केलं नसतं.

१६ नोव्हेंबर

मी बावळटपणा केला. कोपऱ्यातला पहिला झुबका परवा उपटला आणि तिथेच ढेकळांवर टाकला. आज बघते तर तो उभा. नुसता उभा नाही, धरून उभा. ओढला तर येईना.

भोंगा म्हणाला, "ओल्या मातीवर टाकलं की परत मूळ धरतं ते. दादा उपटलेली काडीसुद्धा शेतात ठेवायचे नाहीत. पोत्यात भरायचे आणि घरी आणून जाळायचे."

"मग फवारणी का नाही करत?"

"मरत नाही औषधाने. सवय झाली त्याला."

हे मात्र मला लगेच कळलं. आमच्या वॉर्डातही शेवटी शेवटी असे जंतू आले होते. औषध त्यांना टॉनिक झालं होतं.

संध्याकाळी वहिनी भांडी पुसताना सहज म्हणाल्या, "निम्म्यावर आलेत."

"कोण?"

"काही नाही. चहा घेता?"

११ डिसेंबर

रात्रीत सगळं शेत मेलं.

दव गोठलं. सकाळी मोहरी काळी पडून लोंबत होती, घेवडा चिखल झाला होता. कुजक्या मोहरीचा वास थेट जुन्या बंद वॉर्डासारखा येतो. भोंग्याला याचा आनंद. थंडीने पांघरूण आपोआप मेलं की वसंतात रोलरचं काम हलकं होतं, म्हणे. ओट तेवढे पिवळे उभे आहेत.

मी वरच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं आणि पाहतच राहिले. काळ्या-पिवळ्या शेतात एक हिरवी रेघ. ओढ्याच्या कोपऱ्यातून निघून तिरकी, घराच्या रोखाने. मधे मधे थांबल्यासारखी. जिथे थांबते तिथे गवत दाट, लांबट चौकोनात.

तो आकार मी ओळखते. उभा जन्म मी त्या आकारांच्या मधून चालले आहे. एका माणसाच्या खाटेएवढा.

१२ डिसेंबर

न्याहारीनंतर मुद्दाम खाली जाऊन आले. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणत, ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ जाऊन त्याचं नाव विचारावं. भीती वाटली असं नाही, पण गेले.

सगळीकडे दव गोठून पांढरं झालं होतं. त्या दाट चौकोनांवर नव्हतं. हातमोजा काढून हात ठेवला. नुकताच रुग्ण उठून गेलेल्या गादीवर हात ठेवला की जसं लागतं, तसं लागलं.

दाट गवतात ऊब राहते. साधी गोष्ट आहे. मी हातमोजा घातला आणि परत आले. बूट घासायचे राहिले, ते आता लिहिताना आठवलं.

८ जानेवारी

वहिनींनी स्वतःहून बोलणं काढलं. मी कपडे घड्या करत होते.

"वन्सं, ते गवत काढू नका हं."

"वहिनी, ते ठेवलं तर तपासनीस काय करेल माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण अजून पोचलं नाही. पोचू दे."

"गवत कुठे पोचणार?"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. वेड लागलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. त्यांची नजर एवढी स्वच्छ नसते. तरी आजपासून त्यांचं वजन लिहून ठेवायचं ठरवलं होतं, पण वजनकाटा दिसताच त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी चढा," आणि काट्याने माझ्याबद्दल जे सांगितलं त्यावर त्या हसल्या. इथे आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. काटा परत माळ्यावर टाकला.

२२ फेब्रुवारी

रेघ आता शेताच्या काठापर्यंत आली आहे. उशिरा रुजलेले झुबके आहेत, बाकी काही नाही. काठाच्या पुढे अंगण, खडी टाकून दाबलेलं. तिथे काही नाही.

वहिनी दिवसातून कितीदा तरी अंगणाच्या कडेला जाऊन उभ्या राहतात. जेवण आणखी कमी झालं आहे.

१८ मार्च

संस्थेचं पत्र आलं, तपासनीस पुढच्या महिन्यात येणार. मी भोंग्याला रोलर काढायला लावला. ओट लोळवायचे होते आणि मनात होतं की त्यासोबत ती रेघही चिरडून जाईल. बांधावर खुर्ची टाकून बसले.

तो सरळ यायचा, रेघेपाशी आला की रोलर वर उचलायचा, पलीकडे गेला की खाली टाकायचा. दरवेळी. शेतभर ओट आडवे झाले आणि रेघ तशीच उभी.

मी शेतात उतरून ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभी राहिले.

"हात दुखतो का रे लिव्हर ओढताना?"

"नाही, बाई."

"मग रोलर वर का उचलतोस? इथे तुला कुणी आडवं येतं?"

त्याने इंजिन बंद केलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज मला नीट ऐकू येईना.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?"

"काय सांगायचं होतं?"

"दादांना आम्ही इकडनं आणलं. मी, ते मफलरवाले, त्यांचा मुलगा आणि गुरांचा डॉक्टर. ताडपत्रीवर. चौघांनी चार टोकं धरून." त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "डोक्याखाली घ्यायला काही नव्हतं. त्यांनी उपटलेल्या गवताचं पोतं तिथेच पडलं होतं, तेच घेतलं उशाला. पिकलेलं गवत होतं. पोतं फाटकं निघालं, बाई. आमच्या लक्षातच नाही आलं."

"आणि हे दाट झालंय ते?"

"जड होते दादा. दमलो की टेकवत होतो."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पोत्याचं काय झालं?"

"घरापाशी आलो तेव्हा रिकामं होतं."

मग तो म्हणाला, "मी फिरवू का रोलर? तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, आज राहू दे, डिझेल वाचव.

२ एप्रिल

काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

खुलासा झाला आहे. फाटकं पोतं, पिकलेलं बी, न नांगरलेली जमीन. शाळेतल्या मुलीलाही समजेल इतकं साधं. मग आता खिडकीपाशी जायला मला का नको वाटतं, हे मला समजत नाही. गवत बी पडलं तिथे उगवतं. वारा नसताना त्या एकाच रेघेतलं गवत कोपऱ्यापासून घरापर्यंत एकामागून एक वाकत येतं, त्यालाही साधंच कारण असणार. उंदीर असतील.

९ एप्रिल

पहिली कणसं बाहेर आली. बारीक, काळसर. आठवड्याभरात तपासनीस येईल. आता थांबणं शक्य नाही, म्हणून वहिनींसमोर बसले आणि ताट झाकू दिलं नाही.

"वहिनी, मला भोंग्याने सांगितलं."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"गवत काढावं लागणार. घर जाईल नाहीतर."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? घर म्हणजे बस आहे का, एक गेली तर दुसरी येईल म्हणायला?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "ते घरात आलेच नाहीत, वन्सं. अंगणात डॉक्टरची गाडी उभी होती. तिच्यातच घातलं आणि नेलं. म्हटलं, दोन मिनिटं आत आणा. तर म्हणाले, आता आत आणून काय करायचं? मी दार उघडून उभी होते. उघडंच राहिलं दार." खिडकीकडे बघत म्हणाल्या, "इतकं चालत आलेत ते. अंगण तेवढं राहिलंय."

मला खूप काही बोलता आलं असतं. मन म्हणजे काय, भास म्हणजे काय, यावर मी परिचारिकांचे वर्ग घेतले आहेत.

मी म्हटलं, "दादाचा नियम होता. उपटलेलं गवत शेतात ठेवायचं नाही. मग अंगणात तरी कसं ठेवणार? खडीतही रुजेल ते मेलं. घरात आणावं लागेल. फरशीवर काही उगवत नाही. रात्रभर आत ठेवू, सकाळी चुलीत घालू."

त्यांनी पदर खोचला.

"कोपऱ्यातून सुरुवात करायची," म्हणाल्या. "घराकडे यायचं. उलटं नाही."

"उलटं कशाला? आम्ही वॉर्डातसुद्धा शेवटच्या खाटेपासूनच सुरू करायचो."

हे खोटं आहे. पहिल्या खाटेपासून करायचो.

१२ एप्रिल

आज केलं.

भोंगा यायला तयार होता, वहिनी नको म्हणाल्या. त्या आणि मी. सकाळी कोपऱ्यात ताडपत्री पसरली. मफलरने लांबून पाहिलं आणि टोपी काढून उभा राहिला. या वेळी मी त्याच्याकडे पाहून मान हलवली.

जमीन ओली आणि भुसभुशीत होती, पांघरुणाचा गुण. गवत मुळासकट येत होतं. झुबका धरायचा, बुडाशी हात घालून सैल करायचा, उचलायचा, ताडपत्रीवर ठेवायचा. वहिनी माती झटकू देत नव्हत्या. दाट जागा आली की त्या अगदी हळू काढायच्या, झोपलेल्या माणसाखालची चादर काढावी तशा. मी चादरी तशा कशा काढायच्या ते शिकवत आले आहे. यांना कुणी शिकवलं नव्हतं.

थोडं काढायचं, ताडपत्री पुढे ओढायची. मातीसकट मुळं म्हणजे वजन असणारच. पण दुपारनंतर ओढवेना, तेव्हा मी पुढची दोन टोकं धरली, वहिनींनी मागची दोन, आणि उचलली. उचलताच मला ते वजन कळलं. असं वजन पसरून असतं, मधे खाली झुकतं आणि आपल्याला कसलीही मदत करत नाही.  

थांबत थांबत आलो. टेकवायच्या जागा शोधाव्या लागल्या नाहीत.

शेताच्या काठावर शेवटचा झुबका निघाला. मागे वळून पाहिलं तर ओट आडवे झालेले, सगळीकडे एकसारखे, आणि त्यातून काळ्या उकरलेल्या मातीची वाट. तपासनीसाने काय हवं ते तपासावं. काडी सापडायची नाही.

"आता अंगण," मी म्हटलं. "एका दमात नेऊ. थांबायचं नाही."

उचललं. मी पुढे होते, पाठमोरी, हात मागे करून टोकं धरलेली. ऊन अजून होतं, खडीवर माझ्या बुटांचा आवाज येत होता. निम्मं अंगण ओलांडलं आणि भार एकदम हलका झाला. मागून कुणी तरी नीट, सरावाने धरावं तसा. मला बरं वाटलं. म्हटलं, "वहिनी, जमलं की तुम्हाला. पण जरा हळू, मी काही तरुण नाही."

"सावकाश या, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

आवाज पुढून आला.

मी मान वर केली. वहिनी दारात उभ्या होत्या. एक कवाड उजव्या हाताने, एक डाव्या हाताने धरून, दोन्ही कवाडं सताड उघडी. पदराला गवताची माती. मला ओलांडून कधी पुढे गेल्या मला कळलं नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा लग्नाच्या फोटोत आहे तसा झाला होता.

ताडपत्री माझ्या हातात सपाट होती. मागचं टोक खाली पडलं नव्हतं. खडीवर घासतही नव्हतं.

मी वळून पाहिलं नाही. ओझं नेताना पुढच्याने मागे वळायचं नसतं, पाय कुठे पडतो तेवढं बघायचं आणि मागच्याला सांगत राहायचं. आयुष्यभर मी नव्या मुलींना हेच ओरडून शिकवलं. जे सांगायला हवं होतं ते सांगितलं.

म्हटलं, "दादा, पायरी आहे. सांभाळून."

आणि मागचं टोक पायरीएवढं वर उचललं गेलं.